कपाटातल्या शालनताई

शालनताई कपाटात बसून सॅक्सोफोन वाजवायच्या. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला पण हसू आलेलं, पण हसायची हिंमत नव्हती, कारण मी कामोठ्यात नवी, पोटात सातवा महिना, आणि मला तेव्हा सगळ्याचीच भीती वाटायची, लिफ्टची, गॅसची, सोसायटीच्या वॉचमनची, आणि आमच्या ह्यांचा फोन लागला नाही की त्याची तर फारच. हे न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवतात, कंटेनर लागला की कधी घरी येतील सांगता येत नाही. घरात मी एकटी आणि समोरच्या दारात ह्या.

कपाट म्हणजे भिंतीतलं, साड्या टांगायचं. त्यातल्या फळ्या काढून त्यांनी आत एक स्टूल ठेवलेलं, तिन्ही बाजूंनी जुन्या गोधड्या ठोकलेल्या आणि वर थोड्या साड्या तशाच लटकत ठेवलेल्या. वाद्य घेऊन आत बसायच्या आणि दार ओढून घ्यायच्या, म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नको आणि त्यांच्या माईकला शेजारी नकोत. बाहेर एवढंच ऐकू यायचं की लांब कुठंतरी म्हैस हंबरतीय आणि तिला कायतरी सांगायचंय. मग दार उघडायचं, ह्या घामानं निथळत बाहेर, चष्म्यावर वाफ, अंगाला डांबरगोळ्यांचा वास, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, पाणी दे गं. मी तिथं असले तर मला म्हणायच्या, नसले तर स्वतःलाच.

आमची ओळख कुकरमुळं झाली. दुपारी बेल वाजली, दारात ह्या उभ्या. बुटक्या, केस बारीक कापलेले, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच. विचारलं, शिट्टी तुझ्याच कुकरची का. मला वाटलं आता तक्रार जाणार, मी सॉरी सॉरी म्हणत गॅस बंद करायला पळाले. तर माझ्या मागनं स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, बंद नको करू, परत होऊ दे. मी म्हटलं डाळ शिजली. तर म्हणाल्या, मग नुसतं पाणी लाव.

त्यांच्या हातात आवाज भरून घ्यायचं, पावडरच्या डब्याएवढं एक मशीन होतं, त्याच्या तोंडाला केसाळ टोपी. ते कुकरपाशी धरून उभ्या राहिल्या. शिट्टी झाली की म्हणायच्या, थांब, परत. कितीदा झालं कोण जाणे, सगळ्या खिडक्यांना वाफ धरली, मी पोटाला हात लावून भिंतीला टेकलेली. शेवटी मशीन बंद करून म्हणाल्या, "तुझी शिट्टी खालनं वर जाते आणि वर गेल्यावर घाबरते." कुकरबद्दल बोलतायत का माझ्याबद्दल ते मला कळलं नाही. जाताना डाळ चाखली आणि मीठ कमी आहे म्हणून सांगून गेल्या.

थांब परत, हे त्यांचं जप केल्यासारखं चालू असायचं. भंगारवाल्याला म्हणायच्या, पाण्याच्या पंपाला म्हणायच्या, एकदा तर लिफ्टला. आमच्या लिफ्टचं दार नीट लागलं नाही की त्यातली रेकॉर्डमधली बाई दरवाजा बंद करा, दरवाजा बंद करा असं सांगत बसते. ताईंनी मुद्दाम दारात चप्पल ठेवून ती बाई बोलत ठेवली आणि मशीन धरून डोळे मिटून उभ्या. खाली सेक्रेटरी पवारकाका गुडघे धरून लिफ्टची वाट बघत. शेवटी बिचारे तिन्ही मजले चढून धापा टाकत वर आले, म्हणाले, मॅडम, हे काय चाललंय. ताईंनी डोळे न उघडता त्यांना बोटानं गप्प केलं. पवारकाकांचा तो श्वास पण त्यांनी घेतला, नंतर मला ऐकवला, म्हणाल्या ह्या माणसात एवढीच चांगली गोष्ट आहे. पवारकाकांनी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. ताईंनी खाली अंगठा टाकला.

चांगल्या होत्या असं नुसतं म्हणता येत नाही, तिरसट पण होत्या. कुणी नमस्कार केला तर कधी दिसायचं नाही त्यांना. स्वयंपाक वाईट. सकाळी न्हावा शेव्याची ऑफिसची बस पकडायच्या, तिथं आयात-निर्यातीची कागदं करायच्या, पण ऑफिसचं एक अक्षर बोलायच्या नाहीत, फक्त कंटेनर खाली टेकताना कसा वाजतो ते तोंडानं करून दाखवायच्या. लग्न केलेलं नव्हतं. मी एकदा विचारलं का नाही केलं, तर म्हणाल्या, कपाटात जागा कुठाय.

वडील त्यांचे लग्नाच्या बँडात क्लॅरनेट वाजवायचे. वडिलांचे एक गोव्याचे मित्र होते, हॉटेलात वाजवणारे, त्यांनी म्हातारपणी आपला सॅक्सोफोन आणि कॅसेटींची पेटी ताईंकडं ठेवली ती ठेवलीच. त्या कॅसेटींवरनं शिकल्या. रोज वाजवून खालच्या ओठाला आतनं घट्टा पडलेला, त्याला तूप लावायच्या. वाद्याच्या तोंडाला वेताची एक पातळ पट्टी लागते, ती वाटीत पाण्यात भिजत ठेवायच्या. एकदा मी त्यांची भांडी घासायला घेतली आणि ती पट्टी आइस्क्रीमची काडी म्हणून कचऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी बघते तर वाटीवर कागद चिकटवलेला, त्यावर लिहिलेलं, हे खाऊ नये.

त्या एक अल्बम करत होत्या. सॅक्सोफोन स्वतः वाजवायचा आणि बाकीचं लॅपटॉपमधनं, बटणांच्या काळ्या डब्यांमधनं, म्हणजे ते कुकर न् लिफ्ट न् कंटेनर सगळं ताणून, तुकडे करून, उलटं करून. त्या त्याला जॅझ आणि इलेक्ट्रॉनिक म्हणायच्या. मी दहावीला गणितात राहिलेली, मला गाणं म्हणजे शब्द असलेलं गाणं. पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी बराच वेळ वाट बघून विचारलं, ताई, गाणं कधी चालू होणार. त्या एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

मग त्यांनी मला समजावलं, ते एक मला पक्कं कळलं. म्हणाल्या, तुमच्या गावात टँकरवर बायका भांडतात ना, मग एक बाई काय करते, दुसरीचंच वाक्य उचलते आणि वाकडं करून तिच्याच अंगावर टाकते, ती परत त्यात स्वतःचं काय घालून परत टाकते, आधी कुणी काय ठरवलेलं नसतं पण दोघी एकमेकींचं नीट ऐकत असतात, नाहीतर भांडण रंगत नाही. तसं जॅझ. आणि इलेक्ट्रॉनिक म्हणजे तो आवाज फ्रिजमधे ठेवायचा आणि पाहिजे तेव्हा पाहिजे तेवढा कापून घ्यायचा. आमच्या माण तालुक्यात टँकरवरची भांडणं मी लहानपणापासनं ऐकलेली. मला वाटलं, असं असेल तर मला पण येतंय की थोडंसं.

मग दुर्वा झाली. आई येऊन बाळंतपण करून गेली, मग सासूबाई आल्या गावाकडनं, आणि बाराव्या दिवशी पाळण्यात घातलेलं नाही म्हणून सव्वा महिन्यानं बारसं करायचं ठरलं. आता बारशाला आत्या लागते. बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं, आणि ती वाकली की बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, कुर्र करत. आमच्या ह्यांना बहीण नाही. चुलत बहीण येणार होती, तिचं आयत्या वेळी रद्द झालं. घुगऱ्या शिजलेल्या, पाळण्याला फुलं लावलेली, बिल्डिंगमधल्या बायका येऊन बसलेल्या आणि आत्याच नाही. मला रडायला यायला लागलं. तेव्हा हे बोलले, शालनताई काय परक्यात का, त्यांनाच सांग.

त्या कपाटातनंच आल्या. डांबरगोळ्यांचा वास घेऊन. सासूबाईंनी नाव विचारलं. शालन म्हणाल्या. सासूबाईंनी आडनाव विचारलं. त्या म्हणाल्या, कांबळे. मग सासूबाईंनी घुगऱ्यांच्या पातेल्यावरचं झाकण उघडून परत लावलं. शालनताईंनी ते बघितलं. मी पण बघितलं.

पण त्या आत्या झाल्या. त्यांनी मला आधी विचारलं, मशीन चालू ठेवू का गं कुर्तीला लावून, मी म्हटलं ठेवा की. पाळण्यावर वाकल्या, कुर्रर्र करत कानात दुर्वा म्हणाल्या, आणि बिल्डिंगमधल्या बायकांनी एवढे हात धुवून घेतले, पवारकाकूंनी तर नवऱ्याच्या लिफ्टचा सगळा वचपा काढला, धप् धप् धप्. ताई पाळण्याला धरून हसतायत, आणि त्या गोंधळात दुर्वानं एक आवाज काढला. रडणं नाही, हसणं नाही. झोपेत कुणी हाक मारल्यावर माणूस जसा "अं?" करतो तसा, पण बारीकसा आणि शेवटाला वर गेलेला. ताई वाकलेल्या होत्या तशाच राहिल्या. बायका धपाटे मारायच्या थांबल्या तरी वर उठल्या नाहीत.

त्यानंतर कपाटातनं म्हैस हंबरायची बंद झाली. वेगळंच काय काय यायला लागलं. ऑफिसनं आल्या की जेवायच्या नाहीत, तशाच आत. एक दिवस मला बोलावलं, दुर्वा मांडीवर झोपलेली होती तरी तशीच ये म्हणाल्या, मला कपाटातल्या स्टुलावर बसवलं, साड्या डोक्यावर, आणि कानाला मोठे हेडफोन लावले.

आधी ते धपाटे आले. पण धपाटे वाटत नव्हते, खूप मोठ्या दारावर कुणी हळूच वाजवावं तसे. मग कुर्र आलं, ते एवढं लांब ताणलेलं की तळोज्याच्या माळावरनं वारा सुटावा तसं. आणि मग त्या वाऱ्यात दुर्वा म्हणाली, अं? आणि सॅक्सोफोननं तिला उत्तर दिलं. तसंच बारीक, तसंच शेवटाला वर. ती परत म्हणाली, त्यानं परत दिलं, दर वेळी जरा वाकडं करून, जरा गंमत करून, दोघं बोलत बसली. मला खूप गोड वाटलं आणि दुसऱ्याच मिनिटाला माझ्या अंगावर काटा आला. पोरगी माझ्या मांडीवर गाढ झोपलेली, तिचं तोंड बंद, आणि तिचा आवाज माझ्या कानात. मी हेडफोन काढले. ताईंना वाटलं मला रडू येतंय, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

जर्मनीतली एक छोटी कंपनी तो अल्बम काढणार होती, खरी काळी तबकडी. त्यांना ताईंनी थोडे थोडे तुकडे पाठवलेले आणि दुर्वाचा ऐकूनच त्यांनी हो म्हटलेलं. हे सांगायला त्या आल्या तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा असं बघितलं, दारात उभ्या, हातात पेढ्याचा पुडा, आणि तोंडातनं शब्द फुटेना. म्हणाल्या, अगं, वडिलांनी आयुष्यभर लोकांच्या वरातीत वाजवलं. पेढा दुर्वाच्या ओठाला लावला, सासूबाईंनी तो पदरानं पुसून काढला.

आणि त्याच आठवड्यात दुर्वाला धाप लागली. आधी सर्दी, मग छातीत घरघर, मग बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, दूध ओढता येईना. हे ट्रेलरवर. दवाखान्यात ठेवलं, तोंडाला मास्क लावून वाफ दिली. मी खुर्चीत बसून तिची छाती बघायचे, वर जाते का, खाली येते का, माझा श्वास पण तिच्याबरोबर अडकायचा. सासूबाई शेजारी बसून दोन गोष्टी बोलल्या. एक म्हणाल्या, पोरीचा आवाज पेटीत कोंडून ठेवलाय, श्वास अडकनार न्हाय तर काय हुईल. आणि दुसरी म्हणाल्या, कानाला कुनाचं तोंड लावलं ते बगायला पायजे हुतं.

दुसरी ऐकून मी मान खाली घातली. मला ते चूक वाटत होतं, पण पोरगी त्या मास्कमधे होती आणि मला वाटलं आत्ता मी कुणाशी भांडले तर तिला काय होईल. मला सांगता येत नाही नीट. अशा वेळी माणूस कशालाही हात जोडतं.

दुर्वा घरी आली, बरी झाली, आणि तरी मी गेले. सासूबाईंनी पाठवलं नव्हतं, माझी मीच गेले. दारातनंच म्हटलं, ताई, माझ्या पोरीचा आवाज काढून टाका त्यातनं. पहिली गोष्ट तेवढी सांगितली, कोंडून ठेवल्याची. दुसरी मी तोंडात आणली नाही. पण त्यांनी माझ्याकडं जसं बघितलं त्यावरनं मला वाटतं त्यांना दुसरी पण ऐकू आली. ती त्यांनी जन्मभर ऐकलेली असणार, न बोलता.

मला वाटलं रागावतील, समजावतील, डॉक्टर काय म्हणाले विचारतील. मी उत्तरं पाठ करून गेलेले. त्या फक्त म्हणाल्या, ये आत. लॅपटॉप उघडला, मला खुर्चीत बसवलं, पडद्यावर निळ्या काट्यांच्या रांगा, दुर्वाचा आवाज म्हणजे त्यातले बारीक बारीक काटे. त्यांनी सगळं निवडून ठेवलं, मूळ रेकॉर्डिंग, तुकडे, पेनड्राइव्हवरचं पण. आणि माझं बोट धरून एका बटणावर ठेवलं.

"तूच दाब."

मी म्हटलं, तुम्हीच करा ना ताई.

"मी केलं तर तुला वाटत राहील की हिनं कुठंतरी ठेवलंय. पोरगी शिंकली तरी वाटेल. तू दाब म्हणजे सुटशील."

मी दाबलं. काहीच आवाज झाला नाही. त्यांनी कंपनीला पण मेसेज केला की तुमच्याकडचा तुकडा पुसून टाका, बाळाच्या आईची परवानगी नाही, असं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मग कपाटाचं दार उघडं होतं ते जाऊन लावून आल्या आणि मला विचारलं, चहा टाकू?

मी चहा प्याले. ते मला अजून कळत नाही, मी बसून चहा कसा प्याले.

कंपनीनं नंतर नकार कळवला. हे त्यांनी मला सांगितलं नाही, मीच विचारलं तेव्हा कळलं. मी मूर्खासारखी म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या बाळाचा घ्या की ताई, पवारकाकूंच्या सुनेला झालाय. त्या म्हणाल्या, अगं मी तिच्याशी बोलत होते. तेच बोलणं दुसऱ्याच्या पुढं कसं ठेवू. एवढंच. अल्बम त्यांनी मग स्वतःच इंटरनेटवर टाकला, शेवटचा, दुर्वाचा तुकडा नसलेला. थोड्या लोकांनी ऐकला. एकानं खाली लिहिलं, चांगलाय पण शेवट अर्धवट वाटतो. ते मला आमच्या ह्यांनी फोनवर वाचून दाखवलं, ह्यांना काय माहीत नव्हतं, मी सांगितलेलं नव्हतं तोपर्यंत. त्या दिवशी सांगितलं. हे म्हणाले, आईचं सोड, ती तशीच आहे, तू का गेलीस.

थंडीत दुर्वाला परत तसंच झालं. तशीच घरघर, तशाच बरगड्या. आवाज तर पुसलेला होता, मीच पुसलेला. सासूबाई गावाला होत्या, हे बंदरात अडकलेले, मी समोरचं दार बडवलं. शालनताई ऑफिसला निघालेल्या, बस सोडली, रिक्षा केली, दुर्वाला स्वतःच्या छातीशी धरून बसल्या आणि रिक्षावाल्याला खड्ड्याखड्ड्याला शिव्या देत गेल्या. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांच्या श्वासनळ्या बारीक असतात, इकडची हवा पण तशी, मोठी झाली की जाईल. एवढं साधं. मी ताईंकडं बघू शकले नाही.

वाफेच्या मशीनची घरघर चालू झाली, दुर्वा मास्क हातानं ढकलून किंचाळायला लागली. तेव्हा ताई खाली वाकल्या आणि तोंड मिटून त्या मशीनच्या सुरात सूर लावला, मग जरा वर गेल्या, जरा वाकड्या गेल्या. दुर्वा थांबली. बघायला लागली. मास्कच्या आतनं तिनं पण एक लांब सूर लावला, वाफेत भिजलेला, दोघींचा आणि मशीनचा मिळून एक असा आवाज झाला की नर्स पण दारात उभी राहिली. मी ताईंचा हात बघत होते. तो पर्सकडं गेला, चेनपर्यंत गेला, आणि परत येऊन दुर्वाच्या पायावर बसला.

मला तेव्हा म्हणायला पाहिजे होतं, घ्या ताई, काढा मशीन. माझ्या तोंडापर्यंत आलं. पण पोरगी मास्कमधे होती आणि मला परत तीच भीती वाटली. सगळं कळलेलं असून पण वाटली. मला ह्याचंच जास्त वाईट वाटतं. एकदा चुकलं म्हणून नाही, तर परत तशी वेळ आली तर मी परत तसंच करीन म्हणून.

त्यानंतर मी त्यांना रोज डबा द्यायला लागले. पुरणपोळी, मटकी, शेंगोळे, जे करीन ते. माफी मागायचं धाडस नव्हतं तर डबा. दोन-तीन आठवडे त्यांनी खाल्लं, मग डबा परत आणून दिला आणि म्हणाल्या, "सुवर्णा, बास कर आता. वजन वाढलं की माझा दम पुरत नाही. आणि तुझ्या हाताला मीठ अजून कमीच आहे." मग दुर्वाला कडेवर घेऊन स्वतःच्या घरी गेल्या, तिथं ती त्यांच्या काळ्या डब्यांची बटणं फिरवायची आणि ह्या तिला आत्या म्हण, आत्या म्हण करत बसायच्या. ती त्यांना "आत्ते" म्हणायची. मी दारातनं बघायचे. मशीन टेबलावर असायचं, बंद.

यंदा त्यांच्या ऑफिसनं न्हावा शेव्याची माणसं कमी केली आणि त्यांना गुजरातच्या बंदरावर पाठवलं. सामान फार नव्हतंच, एक छोटा टेम्पो आला. गोधड्या त्यांनी मला दिल्या, खिळ्यांची भोकं पडलेल्या. दुर्वा अडीच वर्षांची झालेली, सगळ्याला नाय म्हणायचं वय, जेव, नाय, झोप, नाय, आंघोळ, नाय. मी तिला घेऊन खाली गेले. सकाळची वेळ, पवारकाका पण गेटपाशी हात मागे बांधून उभे होते, निरोप द्यायला का टेम्पोनं झाडाची कुंडी फोडू नये म्हणून ते माहीत नाही.

ताई टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी चढत होत्या, सॅक्सोफोनची पेटी मांडीवर घेऊन. तेव्हा मी बोलले. किती दिवस घोकलेलं ते एका श्वासात बाहेर आलं. म्हटलं, ताई, थांबा, दुर्वाचा आवाज घ्या, आत्ता घ्या, मशीन काढा, मी सांगतेय ना, माझी परवानगी आहे, काय पाहिजे ते घ्या, परत करा तसंच गाणं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता त्या घेतील आणि मी सुटेन.

त्या खाली उतरल्या. पेटी ड्रायव्हरच्या हातात दिली. दुर्वासमोर उकिडव्या बसल्या, तिच्या डोळ्याला डोळा लावून.

"तुझा आवाज आहे. तू सांग. घेऊ मी?"

दुर्वानं विचार केला. खरंच केला, मी बघितलं, भुवया जवळ आणून. मग म्हणाली, "नाय."

मी म्हटलं, अगं हो म्हण की, आत्या आहे ना आपली. ताईंनी मला बोटानं गप्प केलं, पवारकाकांना केलेलं तसं.

"बरं," त्या दुर्वाला म्हणाल्या. तिच्या गालाला हात लावला, उठल्या, गुडघे झटकले, टेम्पोत चढल्या, पेटी परत मांडीवर घेतली. टेम्पो चालू झाला. खिडकीतनं दिसत होत्या. ओठ हलत होते त्यांचे, नाय, परत नाय, जरा वर, जरा वाकडं करून, हसत. ड्रायव्हर त्यांच्याकडं बघत होता. मग टेम्पो वळला.